'क्रूपिए' : वितरकांनी टाकला, प्रेक्षकांनी तारला

(प्रतिनिधी)

एखाद्या चित्रपटाचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार नेमका कोणाचा? पैसा पुरविणाऱ्या निर्मात्याचा, तो गावोगावी पोहोचविणाऱ्या वितरकाचा, वर्तमानपत्रात तारे वाटणाऱ्या समीक्षकाचा, की तिकीट काढून अंधारात बसणाऱ्या प्रेक्षकाचा? चित्रपटव्यवसायाइतक्याच जुन्या असलेल्या या प्रश्नाची चर्चा करताना माइक हॉजेस यांच्या 'क्रूपिए' या ब्रिटिश चित्रपटाचा दाखला हमखास द्यावा लागतो. लंडनमधील एका कॅसिनोत घडणारा हा चित्रपट १९९८ मध्ये पूर्ण झाला. ज्यांनी त्यासाठी पैसा पुरविला, त्यांनाच तो प्रदर्शित करण्याजोगा वाटला नाही. मायदेशी तो १९९९ मध्ये जेमतेम झळकला आणि विसरला गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तो अवघ्या दोन आठवड्यांच्या बोलीवर लागला आणि तेथील प्रेक्षकांनी एकमेकांना सांगून सांगून तो महिनोन्महिने चालविला.

गंमत अशी, की ज्या प्रेक्षकांनी हा चित्रपट तारला, त्यांचे त्याविषयी कधीच एकमत झाले नाही. त्यातील थंडपणाने काही जण भारावून गेले, तर नेमक्या त्याच थंडपणामुळे काहींना तो परका वाटला. हे मतभेद आजही संपलेले नाहीत. हा चित्रपट काय आहे, त्याचा प्रवास कसा झाला आणि प्रेक्षक त्याच्याविषयी नेमके काय म्हणतात, याचा हा आढावा.

शीर्षकाचा अर्थ

'क्रूपिए' हा मूळ फ्रेंच शब्द. जुन्या काळी घोडेस्वाराच्या पाठीमागे, घोड्याच्या पुठ्ठ्यावर बसणाऱ्या माणसाला हा शब्द लावीत. पुढे तो जुगाऱ्याच्या मागे उभा राहून त्याला साथ देणाऱ्यासाठी आणि नंतर जुगाराच्या टेबलावर डाव चालविणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी रूढ झाला. पत्ते पिसणे व वाटणे, रूलेचे चाक फिरविणे, हरलेल्यांच्या चिप्स ओढून घेणे आणि जिंकलेल्यांना बिनचूक हिशेबाने पैसे देणे, हे क्रूपिएचे काम. तो टेबलावर असतो, पण खेळात नसतो. तेथे कोणीही जिंको वा हरो, त्याचा पगार तेवढाच राहतो. खेळात असूनही खेळाबाहेर असलेल्या या माणसाची मनःस्थिती हाच चित्रपटाचा विषय आहे.

कथानक

जॅक मॅनफ्रेड हा लंडनमध्ये राहणारा, लेखक होऊ पाहणारा तरुण. त्याचे बालपण दक्षिण आफ्रिकेत, जुगारी बापाच्या सहवासात आणि कॅसिनोच्या वातावरणात गेलेले. ते जग मागे टाकून तो लंडनला आला आहे. पण कादंबरी पुढे सरकत नाही आणि खिसाही रिकामा आहे. प्रकाशकाला त्याच्याकडून फुटबॉलवरची खपाऊ कादंबरी हवी आहे. अशा वेळी वडिलांचा दक्षिण आफ्रिकेतून फोन येतो आणि त्यांच्या ओळखीने 'गोल्डन लायन' नावाच्या कॅसिनोत क्रूपिएची नोकरी मिळते. सोनेरी केस काळे करून, काळा सूट चढवून जॅक पुन्हा त्याच टेबलामागे उभा राहतो.

कॅसिनोचे नियम कडक आहेत. ग्राहकांशी ओळख ठेवायची नाही, बाहेर भेटले तरी बोलायचे नाही, सहकाऱ्यांशी जवळीक करायची नाही आणि जुगार तर खेळायचाच नाही. शेवटचा नियम जॅकला जड जात नाही, कारण तो जुगार खेळतच नाही. इतरांना हरताना पाहणे एवढाच त्याचा छंद. हळूहळू त्याला उमगते, की ज्या कादंबरीच्या शोधात आपण होतो, ती आपल्यासमोरच, या टेबलांवर घडते आहे. तो जेक नावाच्या क्रूपिएची कथा लिहू लागतो. त्यानंतर जॅक कोठे संपतो आणि जेक कोठे सुरू होतो, हे त्याला आणि प्रेक्षकालाही सांगणे अवघड होऊन बसते.

त्याच्या आयुष्यात तीन स्त्रिया आहेत. पूर्वी पोलिसांत असलेली आणि आता दुकानात चोऱ्या पकडण्याचे काम करणारी मैत्रीण मॅरियन. कॅसिनोतील सहकारी बेला. आणि दक्षिण आफ्रिकेतूनच आलेली, कर्जात बुडालेली ग्राहक यानी. ही यानी एक दिवस त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवते. कॅसिनोवर दरोडा पडणार आहे. जॅकने एवढेच करायचे, की आपल्या टेबलावर लबाडी करणाऱ्या माणसाला पकडून आरडाओरडा करायचा. म्हणजे त्याने आपले कामच चोख करायचे! पुढे काय होते आणि अखेरीस येणाऱ्या एका फोनने साऱ्या घटनांचा अर्थ कसा बदलतो, हे येथे सांगणे पाहणाऱ्यांवर अन्याय करणारे ठरेल.

निर्मितीची पार्श्वभूमी

दिग्दर्शक माइक हॉजेस यांचा जन्म १९३२ मध्ये ब्रिस्टल येथे झाला. दूरचित्रवाणीवर उमेदवारी केल्यानंतर १९७१ मध्ये त्यांनी मायकेल केन यांना घेऊन 'गेट कार्टर' हा पहिला चित्रपट केला. ब्रिटिश गुन्हेगारीपटांत तो आज मैलाचा दगड मानला जातो. त्यानंतर 'पल्प' (१९७२), 'द टर्मिनल मॅन' (१९७४), 'फ्लॅश गॉर्डन' (१९८०), 'ब्लॅक रेनबो' (१९८९) असे एकमेकांशी न जुळणारे चित्रपट त्यांनी दिले. मात्र निर्माते व वितरकांशी त्यांचे सूर क्वचितच जुळले. 'क्रूपिए' हाती आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

पटकथा पॉल मेयर्सबर्ग यांची. 'द मॅन हू फेल टू अर्थ' (१९७६) आणि नागिसा ओशिमा यांचा 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स' (१९८३) या चित्रपटांच्या लेखनामुळे ते ओळखले जातात. जॅकच्या भूमिकेसाठी निवडलेले क्लाइव्ह ओवेन त्या वेळी मुख्यतः 'चान्सर' या ब्रिटिश मालिकेमुळे परिचित होते. यानीची भूमिका अॅलेक्स किंग्स्टन यांनी, मॅरियनची जीना मॅकी यांनी, तर बेलाची केट हार्डी यांनी केली.

हा मोठ्या खर्चाचा चित्रपट नव्हता. ब्रिटनमधील 'चॅनेल फोर'च्या चित्रपट विभागाबरोबरच जर्मनी व फ्रान्समधूनही पैसा उभा राहिला. जर्मन सहभागामुळे लंडनचा हा कॅसिनो प्रत्यक्षात जर्मनीतील स्टुडिओत उभारण्यात आला. मर्यादित जागेत गर्दीचा व खोलीचा आभास निर्माण करण्यासाठी आरशांचा भरपूर वापर झाला. पुढे प्रेक्षकांनी या आरशांत जॅकच्या दुभंगलेल्या मनाचे प्रतिबिंब पाहिले. काटकसर आणि कला यांची अशी गाठ चित्रपटात अनेकदा पडते.

मायदेशी उपेक्षा

चित्रपट तयार झाला, पण तो पुढे नेण्याचा उत्साह पैसा पुरविणाऱ्यांमध्ये दिसला नाही. नायक थंड, नाट्य जपून वापरलेले, दरोडा आहे पण धावपळ नाही, विनोद आहे तोही कोरडा. अशा चित्रपटाची जाहिरात करायची तरी कशी, हा वितरकांपुढचा प्रश्न असावा. अखेर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट या संस्थेने तो हाती घेतला आणि जून १९९९ मध्ये मोजक्या प्रतींनिशी प्रदर्शित केला. जाहिरात नसल्यात जमा होती. प्रेक्षकांना तो नावडला असे म्हणता येणार नाही. तो लागला आहे हेच बहुतेकांना कळले नाही. काही दिवसांत तो पडद्यावरून उतरला.

येथे एक बाब लक्षात घ्यायला हवी. 'न चाललेला' आणि 'न दाखविलेला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीटबारीच्या हिशेबात मात्र दोघांची नोंद एकाच रकान्यात होते. 'क्रूपिए'ची कहाणी इथेच संपली असती, तर प्रेक्षकांनी नाकारलेला चित्रपट म्हणूनच तो इतिहासजमा झाला असता.

अमेरिकेतील दोन आठवडे

चित्रपटावर विश्वास असलेली माणसे थोडी होती, पण चिवट होती. स्टॅन्ली कुब्रिक यांच्याबरोबर काम केलेले माइक कॅप्लन हे त्यांपैकी एक. त्यांनी अमेरिकेत या चित्रपटासाठी प्रयत्न चालू ठेवले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या 'शूटिंग गॅलरी' या कंपनीने एक वेगळा प्रयोग सुरू केला होता. वितरक न मिळालेले सहा चित्रपट निवडायचे, निवडक शहरांतील चित्रपटगृहांत ते एकामागून एक लावायचे आणि प्रत्येकाला दोन आठवडे द्यायचे, अशी ती मालिका होती. २००० सालच्या वसंत ऋतूतील पहिल्याच मालिकेत 'क्रूपिए'ची निवड झाली. मराठी वाचकांना रस वाटेल असा तपशील म्हणजे याच मालिकेत 'सच अ लाँग जर्नी' हा चित्रपटही होता. मुंबईत जन्मलेल्या रोहिंटन मिस्त्री यांच्या कादंबरीवर आधारलेल्या व १९७१ च्या मुंबईत घडणाऱ्या या चित्रपटात रोशन सेठ यांची प्रमुख भूमिका होती.

एप्रिल २००० मध्ये 'क्रूपिए' अमेरिकेत लागला. समीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. परंतु परीक्षणे चांगली येऊनही दुसऱ्या आठवड्यात उतरलेले चित्रपट काही कमी नाहीत. येथे वेगळे घडले. पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक दुसऱ्याला घेऊन पुन्हा येऊ लागला. दोन आठवड्यांची मुदत वाढवावी लागली, मग आणखी चित्रपटगृहे मिळाली आणि उन्हाळाभर, मोठमोठ्या अमेरिकी चित्रपटांच्या गर्दीतही तो टिकून राहिला. अखेरीस त्याने अमेरिकेत साठ लाख डॉलरहून अधिक गल्ला जमविला. हॉलिवूडच्या मानाने हा आकडा किरकोळ असला, तरी मायदेशी टाकून दिलेल्या, छोट्या खर्चाच्या ब्रिटिश चित्रपटासाठी तो डोळे दिपविणारा होता.

या यशाच्या बातम्या लंडनला पोहोचल्यावर २००१ मध्ये 'क्रूपिए' इंग्लंडमध्ये पुन्हा, आणि या वेळी नीट, प्रदर्शित करण्यात आला. परदेशात नाव झाल्याखेरीज घरच्यांना किंमत कळत नाही, हा अनुभव काही आपल्याकडच्याच कलावंतांचा नाही. विरोधाभास असा, की ज्या 'शूटिंग गॅलरी'ने हे यश मिळवून दिले, ती कंपनीच २००१ मध्ये बंद पडली.

ऑस्करचे दार बंद

क्लाइव्ह ओवेन यांचे नाव ऑस्करच्या शर्यतीत घेतले जाऊ लागले होते. परंतु चित्रपटगृहात येण्यापूर्वी दूरचित्रवाणीवर दाखविलेला चित्रपट ऑस्करला पात्र ठरत नाही, असा नियम होता. 'क्रूपिए' त्याआधीच नेदरलँड्समधील दूरचित्रवाणीवर दाखविला गेल्याचे निष्पन्न झाले आणि तो स्पर्धेतून बाद झाला. सुरुवातीच्या उपेक्षेची ही उशिरा भरावी लागलेली किंमत होती. चित्रपटगृहात त्याचे काही होईल असे कोणाला वाटले असते, तर कदाचित तो दूरचित्रवाणीकडे इतक्या लवकर गेलाच नसता.

प्रेक्षक काय म्हणतात?

'क्रूपिए'विषयी प्रेक्षकांत व्यक्त होणारी मते ढोबळमानाने पाच मुद्द्यांभोवती फिरतात.

पहिला मुद्दा निवेदनाचा. चित्रपटभर जॅकचा आवाज ऐकू येतो, पण तो स्वतःविषयी 'मी' म्हणून बोलत नाही; 'तो' म्हणून बोलतो. समोर घडणारा प्रसंग आणि त्यावरचे त्याचे कोरडे भाष्य एकाच वेळी चालू असते. एका गटाच्या मते हीच चित्रपटाची जान आहे. माणूस जगता जगता स्वतःची कादंबरी लिहितो आहे, हे दाखविण्याचा याहून नेमका मार्ग नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या गटाला हे निवेदन जड वाटते. पडद्यावर जे दिसतेच आहे ते कानात पुन्हा का सांगायचे, असा त्यांचा सवाल आहे. हा आक्षेप सरसकट खोटा नाही. मात्र लक्षपूर्वक पाहिल्यास निवेदन आणि दृश्य बरेचदा एकमेकांशी जुळत नाहीत, असे ध्यानात येते. आपण पूर्ण ताब्यात आहोत असे जॅकचा आवाज सांगत असतो, त्याच वेळी त्याचे पाय घसरत असतात. निवेदकावर किती विश्वास ठेवायचा, हे ठरविण्याचे काम प्रेक्षकाचे.

दुसरा मुद्दा नायकाचा. क्लाइव्ह ओवेन यांच्या अभिनयाबाबत मतभेद थोडे आहेत. किंचित अर्धोन्मीलित डोळे, न हलणारा चेहरा आणि सरावलेले हात यांचे कौतुक बहुतेक जण करतात. या भूमिकेसाठी त्यांनी क्रूपिएचे प्रशिक्षण घेतले होते आणि ते चिप्स हाताळण्याच्या सहजतेत दिसते. वाद आहे तो जॅक या माणसाविषयी. ज्याच्याविषयी आपुलकी वाटत नाही, अशा माणसाबरोबर दीड तास कशासाठी घालवायचा, असे अनेकांचे म्हणणे आहे. यावर चित्रपटाने आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. मॅरियन जॅकचे हस्तलिखित वाचते आणि या नायकात आशेचा लवलेशही नाही, अशी तक्रार करते. नाराज प्रेक्षकाची तक्रार शब्दशः हीच आहे! मॅरियनला लेखक जॅक हवा आहे, क्रूपिए जॅक नको आहे. प्रेक्षकही त्याच पेचात सापडतो. कारण लेखक जॅक जिवंत होतो तो क्रूपिए झाल्यावरच.

तिसरा मुद्दा स्त्री-व्यक्तिरेखांचा. तिन्ही अभिनेत्रींची कामे वाखाणली जातात. तरीही या तिन्ही स्त्रिया नायकाभोवती फिरणारे ग्रह आहेत, त्यांना स्वतःचे आकाश नाही, अशी टीका होते. ती गंभीरपणे घ्यायला हवी. सारे काही जॅकच्या नजरेतून दिसत असल्याने त्याच्या नजरेचा कोतेपणा चित्रपटालाही चिकटतो. बचाव करणारे म्हणतात, की कोतेपणा जॅकचा आहे, दिग्दर्शकाचा नाही. आणि अखेरीस जॅकपेक्षा या स्त्रियांनाच अधिक कळत होते, असे दिसून येते. तरीदेखील मॅरियनच्या वाट्याला जे येते, त्यावरून चित्रपट जरा घाईने पुढे जातो, ही रुखरुख उरतेच.

चौथा मुद्दा शेवटाचा. काहींना तो अफलातून वाटतो, तर काहींना ओढूनताणून आणलेला. दरोड्याच्या प्रसंगाकडून थराराची अपेक्षा ठेवणाऱ्यांची निराशा होते, कारण तो प्रसंग पाहता पाहता उरकतो. खरा धक्का नंतरच्या फोनमध्ये आहे. एकदा पाहून नाराज झालेल्या अनेकांनी दुसऱ्यांदा पाहिल्यावर मत बदलल्याचे सांगितले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. शेवट ठाऊक असताना पहिला प्रसंग पाहिला, की वडिलांच्या साध्या फोनलाही वेगळाच अर्थ प्राप्त होतो. ज्याला आपण फासे टाकत आहोत असे वाटत होते, तो स्वतःच कोणाच्या तरी हातातला फासा होता की काय, अशी शंका येते.

पाचवा मुद्दा कॅसिनोच्या चित्रणाचा. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'कसिनो' (१९९५) मधील लास व्हेगासचा झगमगाट डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्याला 'गोल्डन लायन' कळकट वाटतो. येथे ना कारंजी, ना वाद्यवृंद. थकलेले चेहरे, यांत्रिक हात आणि पाळी संपल्यावर उजाडत्या लंडनमध्ये घरी परतणारी माणसे. जुगाराकडे करमणूक म्हणून न पाहता नोकरी म्हणून पाहणारा चित्रपट, असे त्याचे कौतुक होते. रात्रपाळी करणाऱ्या कोणालाही जॅक व मॅरियन यांच्या संसाराची घडी कशी विस्कटते, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

चाकाचे गणित

जॅक जुगार का खेळत नाही, याचे उत्तर अंकगणितात आहे. युरोपीय रूलेच्या चाकावर शून्य ते ३६ असे एकूण ३७ खण असतात. एका आकड्यावर लावलेला डाव लागला, तर एकास पस्तीस या दराने पैसे मिळतात. खेळ बरोबरीचा व्हायचा तर हा दर एकास छत्तीस हवा. हा एकाचा फरक म्हणजेच कॅसिनोचा नफा. शंभर पौंडांच्या डावांमागे सरासरी २ पौंड ७० पेन्स कॅसिनोकडे जातात. अमेरिकी चाकावर दोन शून्ये असल्याने हा वाटा ५.२६ टक्क्यांवर जातो. एखाद्या रात्री एखादा खेळाडू मालामाल होईलही. पण चाक फिरत राहिले, की हिशेब अटळपणे कॅसिनोच्या बाजूने झुकतो. त्यासाठी लबाडीची गरज नसते.

क्रूपिए हा या हिशेबाचा रोजचा साक्षीदार. त्यामुळे समोरच्या माणसाची आशा त्याला मूर्खपणाची वाटू लागते. चित्रपटाच्या आरंभीच जॅक फिरत्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या स्थिर बिंदूसारखा दिसतो. त्याला आता चेंडूचा आवाजही ऐकू येईनासा झाला आहे. ही सिद्धी आहे की बधिरपणा? प्रेक्षकांतील मतभेदांचे मूळ या प्रश्नात आहे.

चित्रपटाचा काळ समजून घेण्यासाठी ब्रिटनमधील कायद्याचाही उल्लेख करायला हवा. १९६८ च्या जुगार कायद्यानुसार तेथील कॅसिनो हे सभासदांचे क्लब असत. नव्या सभासदाला नाव नोंदविल्यावर ठरावीक तास थांबल्याखेरीज खेळता येत नसे आणि जाहिरातींवरही कडक बंधने होती. २००५ च्या नव्या कायद्याने, जो २००७ मध्ये पूर्णपणे अमलात आला, ही व्यवस्था बदलली. 'गोल्डन लायन'मधील बंदिस्त, ओळखीपाळखीच्या वातावरणामागे ही जुनी व्यवस्था आहे.

हा 'न्वार' म्हणावा का?

'फिल्म न्वार' म्हणजे काळा चित्रपट. हॉलिवूडमधील विशिष्ट गुन्हेगारीपटांसाठी ही संज्ञा १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने फ्रान्समध्ये वापरली. रात्रीचे शहर, नायकाचे निवेदन, मोहात पाडणारी स्त्री, आणि आपण सुटू शकतो या भ्रमात अधिकाधिक अडकत जाणारा पुरुष, ही त्याची परिचित लक्षणे. कॅसिनोशी या प्रकाराचे जुने नाते आहे. रिटा हेवर्थ यांचा 'गिल्डा' (१९४६) ब्युनॉस आयरिसमधील कॅसिनोत घडतो. ज्याँ-पिएर मेलव्हिल यांच्या 'बॉब ल फ्लाँबर' (१९५६) मध्ये दोव्हिलचा कॅसिनो लुटण्याचा बेत आहे. आपल्याकडे गुरुदत्त यांच्या 'बाजी' (१९५१) मधील देव आनंद यांचा जुगारी नायक आणि तो क्लब याच परंपरेतला.

'क्रूपिए'त ही बहुतेक लक्षणे आहेत. मात्र अंधार व सावल्यांऐवजी येथे थंड, सपाट प्रकाश आणि आरसे आहेत. त्यामुळे काही जाणकार त्याला न्वार मानायला कचरतात. परंतु न्वारची खरी ओळख सावल्यांत नसून नायकाच्या भ्रमात असते, असे मानल्यास 'क्रूपिए' त्या कसोटीला पुरेपूर उतरतो. जुन्या न्वारमधील नायक हरतो आणि त्याला ते कळते. जॅकला मात्र अखेरपर्यंत आपण जिंकलो असेच वाटते.

पुढे काय झाले?

या चित्रपटाने सर्वाधिक बदल घडविला तो क्लाइव्ह ओवेन यांच्या आयुष्यात. रॉबर्ट ऑल्टमन यांचा 'गॉसफर्ड पार्क' (२००१), ऑस्करचे नामांकन मिळवून देणारा 'क्लोजर' (२००४), 'चिल्ड्रन ऑफ मेन' (२००६) अशा चित्रपटांनी त्यांना आघाडीवर नेले. काळ्या सुटातील त्यांचा जॅक पाहून जेम्स बाँडच्या भूमिकेसाठी त्यांचे नाव चर्चेत होते. २००५ मध्ये ती भूमिका डॅनियल क्रेग यांच्याकडे गेली. हॉजेस यांनी ओवेन यांनाच घेऊन 'आय विल स्लीप व्हेन आय अॅम डेड' (२००३) केला, पण त्याला 'क्रूपिए'सारखा प्रतिसाद मिळाला नाही. हॉजेस यांचे १७ डिसेंबर २०२२ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या आठवणी जागविताना 'गेट कार्टर'बरोबर 'क्रूपिए'चे नाव आवर्जून घेतले गेले.

उरलेला प्रश्न

कॅसिनोत शेवटी कॅसिनोच जिंकतो, असे हा चित्रपट सांगतो. चित्रपटव्यवसायातही पारडे सहसा वितरकाकडेच झुकलेले असते. किती पडदे, किती जाहिरात, किती दिवस, हे सारे तो ठरवितो. 'क्रूपिए'च्या बाबतीत मात्र चाक एकदा उलटे फिरले. त्याचे श्रेय गौरव करणाऱ्यांइतकेच तक्रार करणाऱ्यांनाही द्यायला हवे. ज्याच्याविषयी घरी परतताना वाद झाला, तोच चित्रपट दुसऱ्याला पाहायला सांगितला गेला.

पण त्यासाठी कोणीतरी त्याला दोन आठवडे द्यावे लागले, हे विसरता येत नाही. ते मिळाले नसते, तर प्रेक्षकांचे मत अनुकूल होते की प्रतिकूल, हा प्रश्नच उद्भवला नसता. असे दोन आठवडे न मिळालेले किती चित्रपट डब्यांत पडून राहिले असतील, याची मोजदाद कोणत्याही तिकीटबारीवर होत नाही.

चित्रपट एका दृष्टिक्षेपात

नाव : क्रूपिए
निर्मिती : १९९८, सुमारे दीड तास, इंग्रजी
दिग्दर्शन : माइक हॉजेस
पटकथा : पॉल मेयर्सबर्ग
संगीत : सायमन फिशर टर्नर
कलाकार : क्लाइव्ह ओवेन, अॅलेक्स किंग्स्टन, जीना मॅकी, केट हार्डी, निकोलस बॉल
प्रदर्शन : ब्रिटन १९९९, अमेरिका २०००, ब्रिटनमध्ये पुनःप्रदर्शन २००१
कोणी पाहावा : संथ लयीचे, संवाद व निवेदन लक्ष देऊन ऐकावे लागणारे चित्रपट आवडणाऱ्यांनी. पाठलाग आणि गोळीबाराची अपेक्षा ठेवणाऱ्यांची निराशा होईल.